चढावरची खडी दर पावसात खाली येते? डांबर-काँक्रीट टाकण्याआधी हे तपासा

"एकदाचं डांबर टाकून द्या, दर पावसानंतर खडी वर ओढून कंटाळा आलाय." चढावर नवीन घर घेतलेल्या माणसाचा फोन बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतो. मी घरापर्यंतच्या छोट्या रस्त्यांची कामं करतो. हाच बिघाड इतक्यांदा दुरुस्त केलाय की पुढचा प्रश्न आपसूक तोंडात येतो: पाऊस चालू असताना त्या रस्त्यावर उभे राहिलात का? उत्तर जवळपास नेहमी "नाही" असतं.

खडी ज्या कारणाने वाहते किंवा रुतते, ते कारण तसंच ठेवून वर डांबर किंवा काँक्रीट टाकलं तर तेही फुटतं. खडी एका पावसात हलते, पक्क्या रस्त्याला काही वर्षं लागतात, एवढाच फरक. शिवाय खडी फावड्याने सारखी करता येते, काँक्रीट फोडून उचलावं लागतं. खालचे तपास म्हणूनच सोप्यापासून अवघडाकडे लावलेत. पहिल्या चारांना पैसे लागत नाहीत. मधेच कारण सापडलं तर तिथेच थांबा, ते दुरुस्त करा, एक चांगला पाऊस जाऊ द्या आणि मगच पुढच्या तपासाकडे वळा.

आधी लक्षणं बघा

रस्ता वरून खाली एकदा पायी उतरा. गाडीतून सगळे चढ सारखेच वाईट वाटतात.

खालच्या टोकाला खडीचा ढीग आणि वरच्या अंगाला माती उघडी पडलेली असेल, तर पाणी रस्त्याच्या लांबीने धावतंय. चाकोऱ्यांमध्ये नागमोडी ओघळ दिसले तर तेच, फक्त जुनं दुखणं. खडी जागेवर आहे पण आडव्या लाटा उठल्यात, पत्र्यासारख्या, तर दोष चाकांच्या फिरण्याचा आणि सुट्या खडीचा. पाय दाबला की जमीन स्पंजासारखी खाली जाते, खडीच्या फटींतून चिखल वर येतो, तर वरच्या थराला दोष देऊ नका, बैठकच, म्हणजे खालचा आधाराचा थरच, कच्चा आहे. एकच खड्डा पुन्हा पुन्हा त्याच जागी पडत असेल तर खाली कधीतरी खोदलेला चर किंवा नीट न दाबलेला भराव असतो. कोरड्या दिवसांतही एखादा पट्टा ओला राहत असेल तर तो डाग लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचंय.

आणि एक लक्षण असं, ज्याबद्दल लोक रस्ता पक्का झाल्यावर तक्रार करतात: चढ सुरू होतो किंवा संपतो त्या जागी गाडीचं पोट घासणं. खडीत ते खपून जातं, कारण चाकं खडी बाजूला सारून स्वतःची वाट करून घेतात. काँक्रीट बाजूला सरकत नाही.

१. छत्री घेऊन बाहेर या

जोराचा पाऊस सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर पडा आणि वरच्या टोकाला उभे राहा. रस्त्यावर पडणारं पाणी आणि रस्त्यावर येणारं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर त्रास देणारं पाणी बाहेरून येत होतं: छपराच्या पन्हळीचा पाइप थेट रस्त्याच्या डोक्यावर सोडलेला, अंगणाचा उतार रस्त्याकडे, नाहीतर वरच्या बाजूच्या टेकाडाचं पाणी कापलेल्या कडेवरून आत. नवीन घरात पन्हळीचा पाइप हा पहिला संशयित. बांधकामाच्या शेवटच्या घाईत तो जिथे सोयीचं असेल तिथे सोडून दिलेला असतो.

फोनवर व्हिडिओ काढा. पुढे कोणाला काम दिलंत तर हा दोन मिनिटांचा व्हिडिओ तासाभराच्या बोलण्यापेक्षा उपयोगी पडतो.

एक हिशोब सांगतो. रस्ता ३ मीटर रुंद आणि ४० मीटर लांब धरला तर १२० चौरस मीटर जागा झाली. तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला की एवढ्या जागेवर ६,००० लिटर पाणी पडतं. हे फक्त रस्त्यावरचं. खडीत त्यातलं थोडं मुरतं, पक्क्या रस्त्यावर जवळपास सगळं खाली धावतं, आणि जास्त वेगाने. आज खडीचा ढीग जिथे साचतो, तिथे उद्या पाण्याचा लोंढा येणार.

उपाय: पाइप लांबवून पाणी दुसरीकडे न्या आणि वरच्या कडेला चर खणून बाहेरचं पाणी रस्त्याला लागण्याआधीच वळवा. एवढ्यावर प्रश्न मिटलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांना डांबर लागलंच नाही.

२. मूठभर खडी उचला

गोल, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यांसारखी असेल तर पुढचं वाचण्याआधीच उत्तर मिळालं. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत. सपाट जागी ते दिसायला छान, चढावर ते छर्रेच. चढाला क्रशरची, कोनदार, फुटलेल्या कडांची खडी लागते, आणि तीही एकाच मापाची नको. २० मिलिमीटरपासून अगदी बारीक कचेपर्यंत सगळी मापं मिसळलेली हवीत. मोठ्यांच्या फटीत मधली बसतात, मधल्यांच्या फटीत बारीक, आणि दाबलं की सगळ्यांचा मिळून एक थर होतो. धुतलेली, एका मापाची खडी कितीही दाबली तरी सुटीच राहते, कारण तिला धरून ठेवायला बारीक मालच नसतो.

पण बारीक म्हणजे माती नव्हे. थोडा बारीक माल पारदर्शक बाटलीत घ्या, पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू आणि कच मिनिटाभरात तळाशी बसते. पाणी तासन्‌तास गढूळच राहिलं आणि वर मातीचा जाड थर जमला, तर तुमच्या खडीत चिकण माती जास्त आहे. ती सुकल्यावर घट्ट, ओली झाली की साबण.

३. चढ मोजा, अंदाज नको

लोक "वीस अंशांचा चढ आहे" म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना वीस टक्के म्हणायचं असतं, आणि बहुतेक वेळा तेही नसतं. टक्के म्हणजे १०० मीटर आडवं गेल्यावर किती मीटर चढलात. १५ टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश, २० टक्के म्हणजे ११ अंशांच्या थोडं वर.

मोजायला एक सरळ फळी आणि पाणसळ पुरते. १ मीटरची फळी चढावर ठेवा, खालचं टोक पाणसळीत बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची उभी फट मोजा. १२ सेंटिमीटर निघाली तर १२ टक्के. हे दर दोन-तीन मीटरवर करा आणि आकडे लिहून ठेवा. सरासरी काढू नका. सरासरी १० टक्क्यांच्या रस्त्यात मधला पाच मीटरचा तुकडा १८ टक्क्यांचा असतो आणि सगळा त्रास तिथेच असतो.

माझा अनुभव असा: १० टक्क्यांपर्यंत चांगली कोनदार खडी, नीट दाबलेली आणि पाणी आवरलेली, व्यवस्थित टिकते. १० ते १५ मध्ये टिकते, पण दर पावसाळ्यानंतर दंताळं हातात घ्यायची तयारी हवी. १५ च्या पुढे मी खडीचा आग्रह धरत नाही, तो भाग तरी पक्का करा असंच सांगतो. सगळा रस्ता पक्का करायची गरज नसते, हे मात्र ठेकेदार स्वतःहून सहसा सांगत नाही.

४. रस्त्याच्या आडव्या अंगाला दोरी ताणा

दोन्ही कडांना खुंट्या ठोका आणि दोरी समपातळीत ताणा. खडीच्या रस्त्याचा मधला भाग कडांपेक्षा उंच हवा, साधारण ४ टक्के. ३ मीटर रुंदीला मध्यभाग ६ सेंटिमीटर वर. मग पाणी दीड मीटर चालून कडेला उतरतं. मध्य खोल असेल, म्हणजे रस्ता ताटलीसारखा झाला असेल, तर तेच पाणी चाळीस मीटर खाली धावतं आणि वाटेत वेग घेतं. चाकोऱ्या खोल झाल्या की असंच होतं, प्रत्येक चाकोरी एक पन्हळ बनते.

इथेच आडवे चर बघा, म्हणजे रस्त्यावरून धावणारं पाणी मधेच अडवून कडेला काढणारे. नसतील तर काढा. नियम साधा आहे: चढ जितका तीव्र, तितके चर जवळ. १० टक्क्यांना साधारण २४ मीटरवर, १५ ला १८ मीटरवर, २० ला १४ मीटरवर. चर रस्त्याला काटकोनात खणू नका. काटकोनात खणलेल्या चरात पाणी थांबतं आणि तो गाळाने भरतो. काटकोनापासून उताराकडे ३० अंशांच्या आसपास तिरका ठेवला तर तो स्वतःच स्वतःला धुतो. पाणी जिथे बाहेर पडतं तिथे मोठे दगड टाका, नाहीतर रस्त्याची घळ कडेला सरकेल एवढंच.

५. चाक का फिरतं

हे पटकन. चढावर गाडीचं वजन मागे जातं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी असेल तर तिची पकड नेमकी चढावरच कमी होते. चाक फिरतं, खडी उधळते, तिथे लाटा उठतात, पुढच्या वेळी चाक त्या लाटांवर उडतं आणि आणखी फिरतं. थांबून पुन्हा निघायची जागा चढाच्या मधोमध येत असेल, फाटकासाठी म्हणा, तर फाटक हलवणं रस्ता पक्का करण्यापेक्षा सोपं पडू शकतं. टायर घासलेत का तेही बघा. हसू नका, एकदा तेवढंच निघालं होतं.

६. तीन खड्डे खणा

इथून पुढे घाम आणि थोडा पैसा. खणण्याआधी पाणी, वीज, गॅस, सांडपाणी यांच्या वाहिन्या कुठून गेल्यात ते नकाशावर बघा. नवीन घर आहे, बांधणाऱ्याकडे नकाशा असायलाच हवा. नसेल तर वाहिन्या शोधून घेतल्याशिवाय पहार लावू नका.

एक खड्डा वरच्या भागात, एक सर्वांत तीव्र जागी, एक खाली ढीग साचतो तिथे. तिन्ही चाकोरीत घ्या, मधल्या पट्ट्यात नको, कारण वजन चाकोरीवर येतं. बघायचं एवढंच: खडीचा दाबलेला थर किती जाड आहे, खाली काय आहे, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेत का.

मोटारींसाठी दाबलेला थर १५ ते २० सेंटिमीटर हवा. बहुतेक नव्या घरांत तो पाच-सात निघतो, कारण ती खडी बांधकामाच्या ट्रकांना चिखलातून वर नेण्यापुरती टाकलेली असते आणि घर विकताना तिच्यावर एक ताजा हात मारलेला असतो. खाली चिकण माती असेल आणि खडी तिच्यात रुतली असेल तर वरून कितीही ओता, माती ती गिळत राहील. मधे जिओटेक्स्टाइलचं कापड घातल्याशिवाय हे थांबत नाही. कापड पाणी जाऊ देतं, माती आणि खडी एकमेकांत मिसळू देत नाही.

दाबणं थराथराने. छोट्या प्लेट कॉम्पॅक्टरखाली (सपाट लोखंडी पाट्याने जमीन ठोकत दाबणारं यंत्र) दर थर १० सेंटिमीटरच्या वर नको, कारण त्याचा जोर त्याहून खाली फारसा पोचत नाही. वरून कडक आणि आत पोकळ, असा थर तयार होतो. माल किंचित ओला हवा: मूठ आवळली की गोळा व्हावा, पण हात चिखलाने माखू नये. आणि दाबत जायचं खालून वर.

मी हे खड्डे एकदाच गाळले. मालकाला घाई होती, रस्ता दिसायला घट्ट होता, पाणी आवरलेलं होतं. काँक्रीट झालं, सुंदर झालं. काही महिन्यांनी रस्त्याला आडवी, फूटपट्टीने ओढल्यासारखी एक भेग आली आणि तिच्या कडेची बाजू बसली. खाली पाण्याच्या पाइपचा चर होता, माती नुसती ढकलून बुजवलेला. तेवढा भाग मी माझ्या खर्चाने फोडला. तेव्हापासून घाई असलेल्या मालकाला मी "दोन आठवड्यांनी येतो" म्हणून सांगतो.

७. भरलेला ट्रक चालवून बघा

खडी किंवा वाळूने भरलेला ट्रक माणसाच्या चालीने वर न्या आणि बाजूने चालत चाकाखाली बघा. चाक पुढे जाताना जमीन दबून परत वर येत असेल, लाटेसारखी, तर तिथली माती ओली आणि सैल आहे. ती उकरून काढा, खडीने भरा, दाबा. खड्डे तीन जागांची माहिती देतात, ट्रक सगळ्या रस्त्याची. खडी टाकायला ट्रक येणारच असतो, तेव्हाच बघून घ्या. फक्त रस्त्याची बाहेरची कड भरावाची असेल तर ट्रक तिच्यापासून दूर ठेवा.

भराव ताजा असेल तर एक अख्खा पावसाळा थांबा. लोकांना हे आवडत नाही. पण भराव स्वतःच्या वजनाने आणि पाण्याने बसत राहतो, आणि तो बसायचा थांबेपर्यंत वर टाकलेला कोणताही कडक थर अधांतरी राहतो. बागेचं, भिंतीचं, टाकीचं जड सामान त्याच रस्त्याने येणार असेल तर तेही आधी येऊन जाऊ द्या.

८. आता पक्का करायचा, तर कशाने

तीव्र चढावर माझा कल काँक्रीटकडे. घट्ट कालवलेलं, खालून वर टाकत नेलेलं. पातळ काँक्रीट चढावर थांबत नाही, ओघळून खाली जाड आणि वर पातळ होतं. मोटारींना १० ते १२ सेंटिमीटर जाडी, जड वाहनं येणार असतील तर १५. खालच्या टोकाला स्लॅबचा एक जाड दात जमिनीत उतरवायचा, म्हणजे सगळा स्लॅब खाली रेटत नाही. १० सेंटिमीटर जाडीला दर अडीच-तीन मीटरवर सांधा, म्हणजे मुद्दाम दिलेली खाच, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढा खोल. सांधा दिला नाही तर काँक्रीट स्वतःचा सांधा स्वतः काढतं, वेडावाकडा. वर आडव्या दिशेने झाडू मारून खरखर ठेवा. घोटून गुळगुळीत केलेला चढ ओला झाला की माणूसही पडतो. सात दिवस पाणी आणि तेवढे दिवस गाडी खाली.

डांबर लवकर होतं आणि थोडंफार लवचीक असतं. पण मधल्या चढापर्यंतच. फार तीव्र जागी रोलर घसरतो, दाब नीट बसत नाही, आणि कडक उन्हात ब्रेक लागतात तिथे डांबर पुढे ढकललं जाऊन सुरकुत्या पडतात. पेव्हर ब्लॉक चालतात, पण माशाच्या काट्यासारख्या तिरक्या विणीत बसवलेले आणि खाली-कडेला काँक्रीटची पक्की अडवणूक असलेले. नाहीतर सगळी फरशी वर्षागणिक इंच-इंच खाली सरकते. खडीच हवी असेल तर जाळीदार प्लास्टिकचे साचे बैठकीवर बसवून त्यात कोनदार खडी भरता येते. मध्यम चढावर हा प्रकार मला स्वतःला आवडतो, पाणीही मुरतं.

पक्क्या रस्त्यालाही आडवा उतार लागतो, २ टक्के पुरतो. आणि गाडीचं पोट घासू नये म्हणून सपाट आणि तीव्र भागाच्या मधे साधारण ३ मीटरचा, निम्म्या उताराचा तुकडा घ्या. १६ टक्क्यांच्या चढाला आधी ८ टक्के. हे काँक्रीट टाकायच्या आधी ठरतं, नंतर नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रस्त्याच्या कडेला समांतर लांब भेगा पडल्या असतील, कडेची झाडं किंवा कुंपणाचे खांब खाली झुकत असतील, संरक्षक भिंत फुगली असेल, तर जमीन सरकते आहे. फावडं ठेवा. हे रस्ता करणाऱ्याचं कामच नाही, माती तपासणारा स्थापत्य अभियंता लागतो, आणि तो येईपर्यंत जड गाडी वर नेऊ नका.

तो कोरड्या दिवसांतला ओला पट्टा: आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. फिरत असेल तर पाइप गळतोय, प्लंबर बोलवा. थांबलेला असेल तर जमिनीतला झरा किंवा सांडपाण्याची गळती. झऱ्यावर काँक्रीट टाकलं तर पाणी खालून उचलतं. खाली निचऱ्याची नळी घालावी लागते आणि ती कुठे न्यायची हे मोजमाप घेऊनच ठरतं.

चढ २० टक्क्यांच्या वर असेल, रस्ता घराकडे उतरत असेल, किंवा तुमचं पाणी शेजाऱ्याच्या आवारात वा सार्वजनिक रस्त्यावर जाणार असेल, तर आराखडा करून घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. घराकडे उतरणाऱ्या रस्त्याला दारापुढे जाळीची आडवी नाली लागते आणि तिच्या पाण्याला पुढे वाट लागते. सार्वजनिक रस्त्याला जोडणाऱ्या शेवटच्या तुकड्याला परवानगी लागत असेल तर ती आधी घ्या.

ठेकेदाराला तुमचे चढाचे आकडे, खड्ड्यांचे फोटो आणि पावसाचा व्हिडिओ द्या आणि विचारा: बैठक किती थरांत दाबणार, पाणी कुठे सोडणार, आणि सांगितलेली जाडी दाबण्याआधीची की नंतरची? डांबराचं मोकळं मिश्रण रोलरखाली चौथ्या-पाचव्या हिश्श्याने बसतं, म्हणून हा शेवटचा प्रश्न लेखी उत्तरासह विचारा. "दुसऱ्या कामावरचं डांबर उरलंय, आजच टाकून देतो" म्हणत कोणी दाराशी आला तर त्याला परत पाठवा. मिश्रण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की ते दाबलंच जात नाही, आणि त्याच्या ट्रकातलं कधीपासून गार होत आलंय हे तो सांगणार नाही.